वेंडेलबरोबर आलेली

बेल्टन क्रीकमध्ये कॉरीन हॉल्स्टेडला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि तिचं नाव धड घेणारा माणूसही शोधून सापडायचा नाही. किराणा दुकानात ती मिसेस प्रुइट. चर्चच्या जेवणाला सगळे आपापल्या घरून भांडी भरून आणतात, तिथे तिच्या बटाट्याच्या कॅसरोलवर कुणीतरी आपणहून चिठ्ठी चिकटवायचं, तीही 'प्रुइट' अशीच. आणि ज्या विद्यापीठात ती चौदा वर्षं शिकवत होती तिथे ती वेंडेलची बायको. लग्नात तिने नाव बदललं नव्हतं. खोलीच्या दारावर हॉल्स्टेड, छापलेल्या शोधनिबंधांवर हॉल्स्टेड. पण नेब्रास्कातल्या आमच्या या गावात पाटी कोण वाचतो? माणूस कुणाबरोबर आला ते बघतात.

ती वेंडेलबरोबर आली, एवढं खरं.

दोघं शिकत होते एकाच ठिकाणी. ती गवतांवर काम करायची, तो किड्यांवर. तिची पदवी आधी झाली, तिचा पहिला निबंध आधी छापला गेला. वेंडेल प्रुइटचा विषय मात्र कामाचा निघाला: गव्हाला लागणारे भुंगे हिवाळ्यात मरत का नाहीत. गव्हाच्या मुलखात असल्या माणसाला मागणी असते. गवताला काय, गवत सगळीकडे उगवतंच, त्याचं काय शिकायचं असं लोकांना वाटतं. बेल्टन क्रीक विद्यापीठाने वेंडेलला बोलावलं.

मुलाखतीत लग्नाचं विचारायचं नाही असा कायदा आहे, आणि आमचे लोक कायद्याला फार भितात. उमेदवार, त्यातून बाई असली तर नक्कीच, विमानातून उतरण्याआधी लग्नाची अंगठी काढून पर्समध्ये टाकते. मग विभागातली मंडळी दोन दिवस तिच्या बोटावरच्या पांढऱ्या वळाकडे न बघण्याची कसरत करतात. सगळं ठरलं की अगदी शेवटी डीन खुर्चीत मागे रेलतो आणि म्हणतो, "निर्णय सोपा व्हावा म्हणून आम्ही आणखी काही करू शकतो का?" ताकाला जाऊन भांडं लपवायचं, दुसरं काय. त्या वाक्याचा अर्थ शेंबड्या पोराला कळतो. तुमची बायको काय करते, किंवा नवरा काय करतो, आणि त्याला आम्ही कुठे बसवायचं?

वेंडेल तेव्हा म्हणाला, "माझी बायको वनस्पतिशास्त्रात आहे."

डीनने जीवशास्त्र विभागाला कळवलं, वेंडेलच्या बायकोची सोय करा. विभागाला कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे विभागाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याचा राग डीनवर काढायची कुणाची छाती नव्हती, तो कॉरीनवर निघाला. पहिल्याच बैठकीत एक म्हातारे प्राध्यापक तिला म्हणाले, "गाड्याबरोबर नळ्याची यात्रा, काय? असू दे, असू दे. भांडी विसळायला कुणीतरी हवंच होतं प्रयोगशाळेत." सगळे हसले. तीही हसली. त्या हसण्याची तिला पुढे चौदा वर्षं लाज वाटली.

तिला मिळाली ती वर्षाच्या कराराची मास्तरकी. दर वसंतात करार पुन्हा व्हायचा, आणि दर वसंतात तो होईल की नाही याची टांगती तलवार. विभागात मतदानाचा हक्क नाही, प्रयोगशाळा नाही, खोली जिन्याखालची. नव्या पोरांचे मोठे वर्ग तिच्या गळ्यात आणि त्याबरोबर एक तिच्या आवडीचा, गवतांच्या ओळखीचा. त्या वर्गासाठी ती पोरांना विद्यापीठाच्या कुरणावर न्यायची. एप्रिलमध्ये कुरण जाळायचं असतं, नाहीतर झुडपं माजतात आणि मूळचं गवत मरतं. ते जाळायचं कामही तिचंच. धुराने डोळे लाल झालेली, हातात मशाल घेतलेली कॉरीन गावाने दरवर्षी पाहिलेली आहे. "वेंडेलची बायको कुरण पेटवतेय," असं म्हणत लोक गाडीच्या काचा वर करायचे.

तिने दर उन्हाळ्यात हिंडून गोळा केलेली गवतं वर्तमानपत्रात दाबून, वाळवून ठेवलेली होती. त्यांना विभागात जागा नव्हती. कपाटं कायमच्या माणसांना मिळतात, करारवाल्यांना नाही, असं तिला सांगण्यात आलं. म्हणून ती दारूच्या दुकानातून आणलेल्या खोक्यांत भरून घराच्या तळघरात ठेवली. तिथे त्यांना बारीक किडे लागायचे. एकदा तिने एक गठ्ठा उघडला तर कागदावर नुसता भुगा, आणि भुग्याखाली तिच्याच अक्षरात गवताचं नाव. त्यावर उपाय एकच, थंडीत गोठवणं. ती दर महिन्याला पाळीपाळीने गठ्ठे स्वयंपाकघरातल्या फ्रीझरमध्ये ठेवायची, हरणाच्या मटणाशेजारी. वेंडेल तक्रार करायचा की आइस्क्रीमला पेंढ्याचा वास येतो.

वेंडेल वाईट माणूस नव्हता. हे सांगायलाच हवं, कारण वाईट माणसाशी भांडण करणं सोपं असतं. रविवारी तो धिरडी करायचा. तिच्या आईच्या आजारपणात त्यांच्या शेतावर जाऊन राहिला. तिचे निबंध वाचायचा आणि चांगले आहेत म्हणायचा. फक्त आपण रस्त्यात उभे आहोत हे त्याला दिसायचं नाही, आणि ज्याला रस्ता मोकळाच मिळाला त्याला ते दिसावं तरी कसं?

पाच वर्षांपूर्वी ओरेगॉनच्या एका विद्यापीठाने वेंडेलला बोलावणं धाडलं होतं. आमच्याकडे असं बोलावणं आलं की माणूस जात नाही, ते घेऊन आपल्याच डीनकडे जातो. डीन म्हणतो, अरे जाऊ नकोस, काय हवं ते बोल. घरात पत्नीची जागा अडकलेली असेल तर ती याच वेळी सोडवून घ्यायची असते. पुन्हा पुन्हा अशी वेळ येत नाही. कॉरीन त्या दिवशी वर्ग संपवून धावत घरी आली होती.

"विचारलं का डीनने?"

"काय?"

"वेंडेल, तेच. आणखी काही करू शकतो का म्हणून."

"नाही गं. नुसतं संशोधनाचंच बोलत होते. थंड खोली देतायत मला. पूर्ण हिवाळाभर भुंग्यांना एका तापमानात ठेवता येईल."

ती म्हणाली, "छान झालं." आणि दोघं गावाबाहेरच्या स्टेक मिळणाऱ्या हॉटेलात जेवायला गेली. पुढे तिने एकदा विचारलं होतं, माझे गठ्ठे तुझ्या थंड खोलीत एका कोपऱ्यात राहतील का. वेंडेल म्हणाला, "दार उघडझाप केलं की तापमान हलतं गं. किड्यांना सोसत नाही."

मग मागच्या शरद ऋतूत ती जाहिरात निघाली. जीवशास्त्र विभागात कायमची जागा, गवताळ प्रदेशातल्या वनस्पतींचा जाणकार हवा. कॉरीनने जाहिरात वाचली आणि बराच वेळ जागची उठली नाही. जणू कुणीतरी तिच्याकडे बघूनच लिहिली होती. विभागप्रमुख रसेल ऑटमन तिला वाटेत भेटला तर खांदा थोपटून म्हणाला, "अर्ज कर की. घरचीच आहेस तू."

तिने अर्ज केला. शेवटच्या तिघांत तिचं नाव आलं. ज्या दालनात ती रोज शिकवायची तिथेच उभं राहून तिने आपल्या कामावर व्याख्यान दिलं. ज्यांच्याबरोबर ती रोज कॉफी प्यायची ते लोक पुढच्या रांगेत वह्या घेऊन अनोळखी चेहऱ्याने बसले. नंतर तिला उमेदवार म्हणून रीतसर जेवायला नेलं. जेवताना रसेलने विचारलं, "वेंडेलचे भुंगे काय म्हणतायत?" आणि त्या जेवणात तिला विचारलेला तेवढा एकच प्रश्न तिच्या लक्षात राहिला.

जागा जेरड फेन्विकला दिली. त्याने संगणकावर गवताळ प्रदेशाचं एक मोठं गणित मांडलं होतं. हातात गवताची काडी घेऊन ही कुठली असं त्याला विचारलं असतं तर तो फोनमध्ये बघायला लागला असता, पण निवड समितीला तो फार आवडला. नवीन विचार आहेत म्हणाले. कॉरीनचे विचार त्यांनी चौदा वर्षं फुकट ऐकले होते, म्हणून ते जुने.

चार दिवस ती वर्ग संपला की सरळ घरी गेली. पाचव्या दिवशी रसेल जिन्याखालच्या खोलीत आला, दारातच उभा राहिला, कारण आत दुसरी खुर्ची मावत नाही.

"एक काम होतं. फेन्विक आणि त्याची बायको घरं बघायला येतायत. त्याच्या दिवसभर बैठका आहेत. तिला जरा गावात फिरवशील? शाळा, दवाखाना, तसलं. तू स्वतः यातून गेलीयस, तुला कळतं कसं वाटतं ते."

इथे कुणीही दुसरी असती तर हातातलं पुस्तक फेकून मारलं असतं. कॉरीन 'बरं' म्हणाली. इतक्या वर्षांची सवय होती, जिभेवर 'बरं' आधी यायचं आणि राग मागून.

ब्रिजेट फेन्विक तिशीची, उंच, थंडीने नाक लाल झालेली मुलगी. गाडीत बसल्या बसल्या तिने सांगून टाकलं की तिला घरं बघण्यात काडीचा रस नाही.

"मग कशात आहे?" कॉरीनने विचारलं.

"इथे विद्यापीठाचं कुरण आहे ना? माझं काम गवतांवर आहे."

कॉरीनने गाडी वळवली. म्हणजे जाहिरातीत मागितली होती तशी माणसं दोन होती आणि दोन्ही बायका, आणि जागा मिळाली तिसऱ्यालाच. हे तिच्या मनात आलं आणि तिला हसूच आलं. कुरण आठवड्यापूर्वीच जाळलं होतं. काळ्या राखेतून हिरवे कोंब बोटभर वर आले होते. ब्रिजेट उकिडवी बसली, एक कोंब दोन बोटांत धरला आणि पान उलगडायच्या आतच नाव सांगितलं. बरोबर सांगितलं. कॉरीनला ती मुलगी आवडली, आणि आवडल्याचा रागही आला.

"किती छान जाळलंय," ब्रिजेट म्हणाली. "कडा किती नीट राखल्यात. मला हेच करायला मिळणार आहे, खरं सांगू तर म्हणूनच मी हो म्हणतेय."

"तुला मिळणार आहे?"

"गवतांच्या ओळखीचा वर्ग देतायत मला. आणि पहिल्या वर्षाचे दोन मोठे. वर्षाचा करार आहे, पण पुढे वाढवतात म्हणे. आधी शिकवत होत्या त्या बाई निवृत्त होतायत, त्यामुळे जागा झाली."

वारा सुटला होता, राख बुटांवर येत होती. कॉरीन एकोणपन्नास वर्षांची होती.

"खूप म्हाताऱ्या आहेत का त्या?" तिने विचारलं.

"असतील. मी विचारलं नाही. तुम्ही ओळखता त्यांना?"

"चांगली ओळखते. त्या मीच."

ब्रिजेट उभी राहिली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "देवाशपथ माहीत नव्हतं. मी नाही घेणार तो वर्ग. आजच सांगते त्यांना."

"गाडीत बस," कॉरीन म्हणाली.

गाडीत बसल्यावर तिने चावी फिरवली नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून ती बोलायला लागली, आणि आपला आवाज एवढा ठाम आहे हे तिलाच नवीन होतं.

"नीट ऐक. तू सोडलास तर ते दुसऱ्या कुणाला देतील, मला नाही. तेव्हा घ्यायचं तर घे. पण तुझ्या नावावर घे. कायमची जागा. जेरड मेला, पळाला, किंवा त्याने दुसरी केली तरी तुझी राहील अशी. आणि ते आत्ताच माग, त्याची सही व्हायच्या आधी. आज दुपारी डीन त्याला विचारेल, आणखी काही करू शकतो का. तेव्हा तू खोलीत असायला हवंस. त्याच्यावर सोडू नकोस."

"जेरड मागेल माझ्यासाठी. आमचं बोलणं झालंय."

"माझंही झालं होतं. तू खोलीत राहा."

ब्रिजेटने बुटावरची राख झटकली. मग म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी एवढं का करताय? मी तर तुमच्या..."

"तुझ्यासाठी नाही करत," कॉरीन म्हणाली. "त्यांना महाग पडावं म्हणून करतेय."

मुलीला विद्यापीठाच्या दारात सोडून ती सरळ रसेलच्या खोलीत गेली. त्याच्या टेबलावर खाऊच्या गोळ्यांची बरणी असते, कुणी रागावून आलं की तो ती पुढे सरकवतो.

"मी निवृत्त झाले म्हणे, रसेल. मला कुणी केक नाही आणला."

"अगं, निवृत्त असं नाही म्हणालो मी. बदल होतोय एवढंच म्हणालो. मी तुझ्याशी बोलणारच होतो."

"कधी? तिने माझ्या खोलीत सामान लावल्यावर?"

"हे बघ, कॉरीन, तुझी जागा आमची कधी नव्हतीच. ती वेंडेलसाठी डीनने दिलेली. आता डीनला ती दुसऱ्या जोडीसाठी हवी आहे. माझ्या हातात काय आहे?"

"चौदा वर्षं तुमची पोरं शिकवली मी. तेव्हा बरी तुमची होते."

रसेलने बरणी पुढे सरकवली. तिने ती परत त्याच्याकडे ढकलली, जरा जोरात, आणि दोन गोळ्या उडून खाली पडल्या. त्याच्यासारख्या माणसाला दोन गोष्टी सोसत नाहीत, एक म्हणजे आरडाओरडा आणि दुसरी म्हणजे दोष. तो चिडला, आणि चिडून खरं बोलून गेला.

"माझ्यावर कशाला डोळे वटारतेस? घरी जाऊन वटार. ओरेगॉनवाले आले होते तेव्हा डीनने मला आधी फोन केला होता. कॉरीनला कायम केलं तर चालेल का? मी म्हटलं, चालेल. विभागात मतं घेतली, एकही विरोधात नाही. सगळी तयारी होती. डीनने वेंडेलला विचारलं, आणखी काही करू शकतो का. त्याने थंड खोली मागितली. आता त्याला मी काय करू?"

कॉरीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती खाली वाकली, दोन गोळ्या उचलून बरणीत टाकल्या आणि बाहेर पडली.

वेंडेलची थंड खोली कीटकशास्त्राच्या इमारतीत मागच्या बाजूला आहे. जाड दार, आत बारीक गुणगुण, मांडण्यांवर ओळीने ताटल्या आणि ताटल्यांत गाढ झोपलेले भुंगे. वेंडेल फरचा कोट घालून काहीतरी लिहीत होता. कॉरीनच्या अंगात साधा स्वेटर होता.

"डीनने विचारलं होतं तुला?"

तो 'काय?' म्हणून विचारणार होता, पण तिच्या तोंडाकडे बघून त्याने ते गिळलं.

"कुणी सांगितलं?"

"मी विचारलं होतं. त्या रात्री. तू नाही म्हणालास."

"कॉरीन, तूच म्हणाली होतीस. विभागाच्या सहलीला, सगळ्यांसमोर. पुन्हा कुणाच्या शेपटीला बांधून घेणार नाही म्हणून. मला वाटलं, मी मागितलं तर तुला आवडणार नाही. पुन्हा लोक म्हणतील, नवऱ्याने मिळवून दिलं."

यातलं दुखणं असं की ती तसं म्हणाली होती. खरंच म्हणाली होती, बिअरचा ग्लास हातात घेऊन, सगळ्यांना हसवायला. तिला क्षणभर आपणच चुकलो असं वाटायला लागलं, आणि चौदा वर्षं हे असंच होत आलं हेही त्याच क्षणी कळलं.

"मग मला विचारायचंस," ती म्हणाली. "घरी यायचंस आणि विचारायचंस, मागू का? मी नको म्हटलं असतं तर घ्यायची होतीस तुझी खोली. तू विचारलं नाहीस, कारण मी हो म्हणाले असते."

"तसं नाहीये ते."

"आणि वर खोटं बोललास. माझी गवतं तळघरात किड्यांनी खाल्ली, वेंडेल. आणि किड्यांना तू खोली घेतलीस."

ती निघाली आणि दार सताड उघडं ठेवून गेली. मुद्दाम ठेवलं. वेंडेल तिच्या मागे धावला, दोन पावलं आला, परत फिरला, दार घट्ट लावलं, कडी नीट बसली का बघितलं, आणि मग तिच्या मागे आला. बाहेरच्या काचेत तिला ते सगळं दिसलं. आधी दार, मग ती. त्यानंतर त्याने पायऱ्यांवर जे काही सांगितलं, आणि त्याने बरंच सांगितलं, ते तिने ऐकलं नाही.

फेन्विक मंडळी आमच्या गावात राहायला काही आली नाहीत. ब्रिजेट त्या दुपारी हट्टाने नवऱ्याबरोबर डीनच्या खोलीत गेली, मागायचं ते स्वतःच्या तोंडाने मागितलं, आणि डीनने तिला वाटाण्याच्या अक्षता लावल्या. जेरडला तरीही यायचं होतं म्हणतात. त्यांच्यात काय झालं ते त्यांना ठाऊक, पण सही झाली नाही. मग वरच्यांनी ती जागाच गोठवून टाकली. विभागाला ना जाणकार मिळाला, ना गणितवाला, आणि गवतांचा वर्ग शिकवायला कुणी उरलं नाही. मेच्या शेवटी रसेल पुन्हा जिन्याखाली येऊन दारात उभा राहिला.

"तू त्या मुलीला काय सांगितलंस ते मी विचारत नाही," तो म्हणाला. "झालं गेलं. पुढच्या वर्षीचा तुझा करार करून टाकू या. नेहमीचे वर्ग. तुलाच फायदा झाला म्हण ना शेवटी."

"नाही," कॉरीन म्हणाली.

"नाही म्हणजे?"

त्याला खरंच कळलं नव्हतं. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून हा शब्द त्याने ऐकलाच नव्हता. कॉरीन खोलीतली पुस्तकं दारूच्या दुकानाच्या खोक्यांत भरत होती.

"म्हणजे मी निवृत्त झाले, रसेल. तूच केलंस."

तिने कुणाला न सांगता मोंटानातल्या एका लहानशा कॉलेजात अर्ज केला होता. डोंगराच्या पायथ्याचं कॉलेज, नाव सांगितलं तरी आमच्या लोकांनी ऐकलं नसतं. मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी, मोटेलच्या न्हाणीघरात, तिने जन्मात पहिल्यांदा अंगठी काढायचा प्रयत्न केला. निघेना. साबण लावला, बोट सोलवटलं, तेव्हा कुठे निघाली. दोन दिवस तिथल्या लोकांनी तिला गवतांविषयी विचारलं आणि त्या बोटाकडे बघायचं टाळलं. वेंडेल प्रुइट हे नाव कुणी काढलं नाही, कारण तिथे ते कुणाला माहीतच नव्हतं. परतीच्या विमानात तिने पर्स उघडली, अंगठी आहे ना बघितलं, आणि पर्स बंद केली.

जूनमध्ये तिथल्या डीनबाईंचा फोन आला. जागा तिला देऊ केली होती. कायमची. कॉरीनने फोन अंगणात उभं राहून घेतला. वेंडेल स्वयंपाकघराच्या खिडकीत होता आणि काही ऐकू येत नसतानाही ओट्यावर वाकून ऐकत होता.

ती आत आली तेव्हा त्याने तिच्यासाठी कॉफी ओतून ठेवली होती. गेले दोन महिने तो फार चांगला वागत होता. धिरडी बुधवारीही व्हायला लागली होती.

"मिळाली?"

"मिळाली."

"मला माहीतच होतं," तो म्हणाला, आणि त्याला खरोखर आनंद झालेला दिसला. "मोंटाना. तिथे हिवाळा लांबतो. मी जरा वाचत होतो. त्या उंचीवर भुंगे कसे तग धरतात यावर कुणी फारसं काम केलेलं नाही. आणि माझं नाव बघून तर ते..." तो थांबला, खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. "विचारलं का त्यांनी?"

"काय?"

"तेच गं. निर्णय सोपा व्हावा म्हणून."

"विचारलं."

वेंडेलने श्वास सोडला. पुढे झुकून त्याने तिच्या हातावर हात ठेवला. त्या बोटावर अंगठी नव्हती, हे त्याच्या आजवर लक्षात आलं नव्हतं. आता आलं.

"मग?" त्याने हळूच विचारलं. "काय मागितलंस?"

"कपाटं," कॉरीन म्हणाली. "लोखंडी, घट्ट दाराची. माझ्या गवतांना किडे लागतात."